हेड खोलण्याआधी

"गाडी खेचूनच नाही राहिली, भाऊ." गोंदियात कुठल्याही डिझेल गॅरेजच्या दारात थोडा वेळ थांबलं की हे वाक्य कानावर पडतं. मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं असतं: "कार्बन बसला. हेड खोला लागते." व्हॅन आत जाते, हेड उतरतं, व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग होतं, गॅस्केट नवं पडतं, बिल होतं. गाडी महिनाभर बरी चालते. मग चढावर पुन्हा तोच काळा लोट. मालक डिझेलला शिव्या देतो, मिस्त्री बीएस-६ च्या धुराच्या नियमांना आणि पंपवाला त्या दोघांना. कार्बन बसला यावर तिघांचंही एकमत असतं. तो का बसला, एवढंच विचारायचं राहून जातं.

डिझेल इंजिनात काजळी होणारच. त्यात नुसती हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबून तापवतात आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडतात. फवाऱ्याच्या गाभ्यात प्राणवायू कमी पडतो, तिथे काजळी तयार होते. इंजिन धड असेल तर तिचा मोठा भाग सिलिंडरमध्येच जळून जातो आणि थोडी सायलेन्सरवाटे बाहेर पडते. हवा कमी आली, इंधन जास्त पडलं, फवारा बारीक न होता थेंब पडू लागले किंवा इंजिन पुरेसं तापलंच नाही, की हा हिशेब चुकतो आणि काजळी मागे राहते. ती खरवडून काढणं सोपं आहे. पण या चारांपैकी नेमकं काय चुकलं ते शोधलं नाही, तर खरवडलेल्या जागी नवी काजळी बसायला फार दिवस लागत नाहीत. गोंदियातल्या व्हॅनमालकांचा पैसा याच फेऱ्यात जातो. आणि हा फेरा निदान न करण्यातून सुरू होतो, हे स्पष्ट सांगायला हवं.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, एसटी आहे, पण गावोगावचा माणूस खऱ्या अर्थानं हलतो तो काळी-पिवळीनं, शाळेच्या व्हॅननं आणि लग्नाच्या ट्रॅव्हलरनं. भाताची कापणी आटोपली की गावागावांत मंडईची जत्रा भरते, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि नट-वादकांना घेऊन व्हॅन रात्रभर अर्जुनी मोरगावपासून वडशापर्यंत फिरू लागतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून भाविक येतात आणि दरेकसाच्या बाजूला गाड्यांच्या रांगा लागतात. शिवाय रुग्णवाहिका. राज्यात २०१४ साली १०८ सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. दवाखान्यांच्या आपल्या गाड्या वेगळ्याच.

या सगळ्या गाड्यांचं दुखणं एकच. त्या धावतात कमी आणि चालू अवस्थेत उभ्या राहतात जास्त. सवारी भरेपर्यंत इंजिन चालू. शाळा सुटेपर्यंत इंजिन चालू, कारण उन्हाच्या दिवसांत एसी बंद करवत नाही. नाटकाचा पडदा पडेपर्यंत, पेशंट बाहेर आणेपर्यंत, पुन्हा चालूच. उभ्या इंजिनात डिझेल थोडं पडतं आणि सिलिंडर गार राहतो. धुराचं तापमान शंभर-दीडशे अंशांच्या आसपास घुटमळतं. त्यात काजळी जळत नाही, फक्त साचते. आणि मीटरवर किलोमीटर मात्र वाढत नाहीत. अमेरिकेत फोर्ड कंपनी उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे ३३ मैलांची धाव असा हिशेब धरते, सुमारे ५३ किलोमीटर. हा हिशेब गोंदियाच्या स्टँडवर लावला तर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलणाऱ्या कित्येक व्हॅनचं ऑइल प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट राबलेलं निघेल. स्टँडवरच्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर न ठरवता तासांवर ठरवायला हवी. एवढी साधी गोष्ट सर्व्हिस बुकात सहसा ठळक छापलेली दिसत नाही, हेही नवलच.

इथे एक खास वैदर्भीय प्रताप सांगितलाच पाहिजे: थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाडी गरम होते, मिस्त्री थर्मोस्टॅट उपटून डब्यात टाकतो आणि मालकाला सांगतो, "आता इंजिन थंड राहीन." राहतंच. डिसेंबर-जानेवारीतही राहतं. थंडीच्या बातम्यांत विदर्भातलं सर्वांत गार ठिकाण म्हणून गोंदियाचं नाव वरचेवर झळकतं, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. अशा पहाटे थर्मोस्टॅट नसलेली शाळेची व्हॅन दहा किलोमीटरची फेरी पुरी करते तरी तिच्या पाण्याचं तापमान ऐंशी अंशांना पोचत नाही. गार इंजिन समजून कॉम्प्युटर डिझेल जास्त सोडतो, ते नीट जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि उरलेल्याची काजळी होते. ही व्हॅन कितीदा डिकार्बन केली तरी सुधारणार नाही. तिला हवा आहे तो काही शे रुपयांचा थर्मोस्टॅट. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप तपासायचा. पण तिथे वेळ जातो, उपटायला दहा मिनिटं पुरतात.

धुळीचंही तसंच. गोंदियाला राइस मिलचं शहर म्हणतात. मिलच्या आसपास भुशाची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेत असते, कापणीच्या दिवसांत पांदणीवर मातीची. एअर फिल्टर चोंदला की हवा कमी, इंधन तेवढंच, परिणामी काळा धूर. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं बाहेरून जोराचा झोत मारणं. त्यानं धूळ कागदाच्या आत आणखी रुतते किंवा कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि त्या भोकांतून गेलेली धूळ टर्बोच्या पात्यांना आणि बोअरला खाते. फिल्टर झटकायचाच असेल तर हलक्या दाबानं आतून बाहेर. त्यापेक्षा तो बदललेला बरा. इंजिनातल्या सगळ्या वस्तूंत तो स्वस्तातल्या वस्तूंपैकी एक आहे.

आता ईजीआर. डिझेलचा मिस्त्री आणि डिझेलचा मालक या दोघांचा आजचा एक नंबरचा शत्रू. इंजिनात तापमान फार चढलं की हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत आत घेतात, त्यानं प्राणवायू कमी होतो आणि ज्वलन थोडं थंडावतं. हेतू चांगला आहे. पण परतलेल्या धुरात काजळी असते आणि त्याच नळीत ब्रीदरमधून आलेली ऑइलची वाफ भेटते. दोन्ही मिळून इंटेक मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा काळा लगदा जमतो, हवेची वाट अरुंद होते, ईजीआरचा व्हॉल्व्ह अडकतो. तो उघडाच अडकला तर पिकअप जातो, काळा धूर येतो, गाडी उभी असताना थरथरते.

म्हणून मिस्त्री काय करतो? ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवतो. गाडी दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागते आणि मिस्त्रीचं नाव होतं. हे अगदी खरं आहे, म्हणूनच त्याला विरोध करणं अवघड जातं. पण अशानं विषारी वायू वाढतात, नव्या गाड्यांत चेक लाइट पेटतो, काहींचा कॉम्प्युटर ताकदच कापून टाकतो. कायद्यानंही हा परवानगीशिवाय केलेला फेरफार आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. फोक्सवॅगन कंपनीनं २०१५ साली जगभर नाचक्की करून घेतली ती याच जातीच्या चलाखीनं. तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखायचं, तेवढ्यापुरता धूर काबूत ठेवायचं आणि रस्त्यावर सैल सोडायचं. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं तपासणी केल्यावर भारतातही कंपनीला सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. जर्मन इंजिनिअरांनी कोडमध्ये केलं ते गोंदियाच्या बायपासवर पत्र्यानं होतं. फरक एवढाच की इथे दंड भरायची वेळ आली तर तो ज्याच्या नावावर गाडी आहे तो भरतो, चकती बसवणारा नाही.

मिस्त्रीला एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. आज पन्नाशीत असलेल्या मिस्त्रीचा हात बसला तो टेंपो ट्रॅक्सच्या ओएम ६१६ इंजिनावर. मर्सिडीजच्या आराखड्याचं, बजाज टेंपोनं इथे बनवलेलं ते रांगडं इंजिन. त्यात टर्बो नव्हता, कॉम्प्युटर नव्हता, ईजीआरचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. इंजिन मिसिंग मारत असेल तर मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा. ज्या नटानं इंजिनाचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. निदानाची ही रीत अस्सल होती, कानानं केलेली, बिनखर्चाची. ज्याला ती येते त्याची अक्कल कमी नाही.

पण तोच हात आज कॉमन रेल इंजिनाच्या पाइपवर गेला तर जीवावर बेतू शकतं. त्या पाइपात चालू इंजिनात हजार-दीडहजार बारचा दाब असतो. सैल नटातून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आतलं मांस सडू लागतं. बोट गमावण्याची वेळ येते. चालू कॉमन रेलचा एकही नट सैल करायचा नाही. एकेक सिलिंडर बंद करून पाहण्याचं काम आता स्कॅनरच्या बटणावर होतं.

म्हणजे निदानाची रीत तीच ठेवून हत्यार बदलायचं आहे. आणि त्या रीतीची सुरुवात आजही पाना हातात न घेता होते, प्रश्न विचारून. बिघाड अचानक आला की हळूहळू? काल संध्याकाळपर्यंत बरी असलेली गाडी आज सकाळी मेली असेल तर कार्बनवर संशय घ्यायचं कारण नाही. एका रात्रीत एवढी काजळी बसत नाही. तिथे फाटलेला होज, सैल क्लिप, निघालेला सेन्सरचा प्लग, फिल्टरमधलं पाणी पाहायचं. सहा महिन्यांत अॅव्हरेज थोडा थोडा घसरला असेल तर काजळीकडे वळायला हरकत नाही. थंड असताना मिसिंग की गरम झाल्यावर? चढावरच मरते की सपाटीवरही? शेवटचं डिझेल कुठे टाकलं? या प्रश्नांना पाच मिनिटं लागतात आणि निम्मा रस्ता इथेच कापला जातो.

मग धूर. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि गोडसर वासाचा पांढरा असेल तर कूलंट आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगांमधून. निळा धूर टाकणाऱ्या व्हॅनचं मॅनिफोल्ड साफ करून पाठवणारा मिस्त्री ती पुढच्या हंगामात परत येणार हे जाणून असतो, किंवा त्याला काहीच माहीत नसतं. दोन्ही वाईट.

काळ्या धुरात एक गोम आहे, तिनं मोठमोठे फसतात. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज उकलला की हवा वाटेत गळते. पण हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या अलीकडे असतो. तो आलेली पूर्ण हवा मोजतो, कॉम्प्युटर तेवढ्या हवेच्या हिशेबानं डिझेल सोडतो, आणि सिलिंडरमध्ये हवा पोचते त्याहून कमी. गाडी धुराचे ढग सोडते, पिकअप शून्य. बाहेरून सगळी लक्षणं कार्बनची. खरं दुखणं होजच्या घडीत दडलेली बोटभर चीर, जिच्या भोवती ऑइलचा ओला काळा डाग दिसतो आणि रेस केल्यावर फुस्स आवाज येतो. अशा गाडीचं हेड उतरवणं हा शुद्ध अन्याय आहे. जोडताना त्याच होजची क्लिप नवी बसते, गाडी सुधारते आणि श्रेय डिकार्बनला जातं.

स्कॅनर आता गोंदियातही बऱ्याच गॅरेजांत पोचला आहे. तो वापरला जातो बहुधा एकाच कामासाठी, कोड वाचून पुसायला. पी ०४०१ आला की ईजीआर बदला, पी ०२९९ आला की टर्बो बदला. कोड फक्त एवढंच सांगतो की एखादा आकडा अपेक्षेबाहेर गेला. पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. तो व्हॉल्व्ह अडकल्यानं, नळी चोंदल्यानं किंवा हवेचा सेन्सर खोटं बोलत असल्यानंही येऊ शकतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, आणि वरचा तोच फाटका होज हा कोड टाकतो. उपयोग आहे तो लाइव्ह डेटाचा. पाण्याचं तापमान ऐंशीच्या वर टिकतंय का? रेल प्रेशर मागितलं तेवढं मिळतंय का? प्रत्येक इंजेक्टरचा करेक्शनचा आकडा सारखा आहे की एकाचाच वेगळा पळतोय? स्कॅनरनं ईजीआर बंद करायला सांगितल्यावर आत येणाऱ्या ताज्या हवेचा आकडा वाढतो का? वाढला नाही तर व्हॉल्व्ह मिटत नाही किंवा सेन्सर बिघडला, हेडला हात न लावता कळलं.

इंजेक्टरची आणखी एक तपासणी आहे, तिला वीज लागत नाही. चार बाटल्या आणि चार रबरी नळ्या पुरतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नची नळी आपापल्या बाटलीत सोडायची, इंजिन ठरावीक वेळ चालवायचं. तीन बाटल्यांत सारखं डिझेल आणि चौथीत दुप्पट, तर चौथा इंजेक्टर झिजला. मग कम्प्रेशन. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धूर फसफसत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलेले असण्याची शक्यता मोठी, आणि ब्रीदरमधून जाणारं ऑइलच मॅनिफोल्डमध्ये लगदा करतंय. एवढं सगळं पाहून झाल्यावर ईजीआर खोलावा, मॅनिफोल्डमध्ये डोकवावं. हेडचा नंबर सगळ्यांत शेवटी. बहुतेक गाड्यांत तो येतच नाही.

साफसफाईच्या बाजारात मात्र शेवटची पायरी आधी विकली जाते. शहरांतून डिकार्बनची यंत्रं आली आहेत. कुणी हायड्रोजन सोडतो, कुणी टाकीत बाटली ओततो. साध्या तर्कानं पाहावं. टाकीत ओतलेलं औषध इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये जातं. मॅनिफोल्ड त्याच्या वाटेतच येत नाही. हायड्रोजन जळतो तो सिलिंडरमध्ये. त्याच्या आधीच्या नळीत चिकटलेला थंड लगदा त्यानं कसा जळावा? इंजेक्टरच्या टोकावरचा हलका थर निघू शकतो, नाही असं नाही. पण जाड लगदा नळी खोलून ब्रशनंच काढावा लागतो. आणि काही हौशी लोक चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात क्लीनर फवारतात, तो तर आगीशी खेळ आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, जळेल ते आत गेलं की ते पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, किंचाळत वेग वाढवत जातं, शेवटी फुटतं. गिअरमध्ये टाकून किंवा हवेचं तोंड फळीनं बंद करून थांबवता येतं, पण त्या क्षणी तिथे उभं राहायची हिंमत फार थोड्यांची असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला. पकडलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या जवळपास तापावा लागतो आणि गाडी काही मिनिटं सलग धावावी लागते. गोंदिया ते गोरेगाव, पुढे कोहमारा गाठून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर थोडी धाव, एवढ्यात काम होतं. शाळेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हॅनला ती धाव मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत फिल्टर तापवायला सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं आणि चालकानं अर्ध्यातच चावी काढली की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. गाडी ऑइल खात नाही म्हणून मालक खूश असतो. हे वाढलेलं ऑइल पातळ झालेलं असतं, त्यानं बेअरिंग जातात. बीएस-६ च्या व्हॅनमध्ये ऑइलची पातळी वर चढली तर ते त्याच दिवशी बदलायचं. आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर गाडी गॅरेजकडे न नेता आधी महामार्गावर न्यायची.

डिझेलच्या भेसळीचा उल्लेख टाळता येत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळखोरांना पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आलं. त्या काळ्या धंद्यात किती पैसा होता हे त्या दिवशी राज्यानं पाहिलं. रॉकेलची भेसळ डिझेलचं वंगण काढून घेते, पंप आणि इंजेक्टर झिजवते. पण भेसळीचा आरोप हल्ली फार स्वस्त झाला आहे. काही निदान सुचेना की डिझेल खराब. खात्री करायची असेल तर पंपावर घनतेची तपासणी ग्राहकाला मागता येते, आणि पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी निघतंय का हे पाहणं चालकाला स्वतःला जमतं.

आणि या सगळ्यात एक तपासणी अशी आहे जी कायद्यानं सक्तीची आहे, प्रत्येकजण करतो आणि कुणीच वाचत नाही. पीयूसी. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे इंजिन तापवून, पूर्ण रेस करून, नळीतून धुराची घनता मोजणं. पावतीवर तो आकडा छापलेला असतो. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. मागच्या वर्षी ०.८ असलेली बीएस-४ व्हॅन यंदा १.४ दाखवत असेल तर ती पास आहे, पण तिच्यात काहीतरी बिघडायला लागलंय. मधुमेही माणूस साखरेचे जुने रिपोर्ट जपून ठेवतो तशा या पावत्या जपल्या, तर काजळीचा अंदाज वर्षभर आधी लागेल. अट एकच, तपासणी खरी व्हायला हवी. नंबर प्लेटचा फोटो काढून, रेस न करता मिळालेली पावती मालकाला स्वस्त वाटते. ती घेऊन त्यानं स्वतःच्या इंजिनाची फुकटातली सूचना गमावलेली असते. परिवहन खात्यानं पीयूसी केंद्रांवर अचानक भेटी द्याव्यात, खोट्या पावत्या देणाऱ्यांचे परवाने काढून घ्यावेत. धुराचा प्रश्न नुसत्या अॅव्हरेजचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. शाळेच्या फाटकासमोर चालू उभ्या असलेल्या व्हॅनचा धूर घेतात ती मुलंच.

नागपूर गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. कॉमन रेल इंजेक्टरची पक्की चाचणी करायची तर बरेचदा इंजेक्टर काढून तिकडे पाठवतात आणि गाडी आठवडाभर मरून पडते. इथल्या शासकीय आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकवला जातो. तिथे एक इंजेक्टर टेस्ट बेंच, एक धूरमापक, एक चांगला स्कॅनर ठेवून आठवड्यातून एक दिवस माफक शुल्कात जिल्ह्यातल्या गॅरेजांना निदान करून दिलं, तर शिकणाऱ्या पोरांना खऱ्या गाड्या मिळतील आणि जुन्या मिस्त्र्यांना नवं हत्यार. मिस्त्र्यांसाठी चार दिवसांचा वर्ग घेतला तरी पुष्कळ. पालकमंत्र्यांच्या जिल्हा नियोजनातल्या रकमेपुढे हा खर्च कुठेच नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर व्हॅनमालकांनी एक करावं. पुढच्या वेळी मिस्त्री "हेड खोला लागते" म्हणाला की त्याच्याशी भांडू नका. कागद पुढे करा आणि सांगा, पाण्याचं तापमान, रेल प्रेशर, टर्बोचा दाब, चार बाटल्यांतलं रिटर्न आणि चारही सिलिंडरचं कम्प्रेशन यावर लिहून द्या, खाली सही करा. हे पाच आकडे कागदावर येईपर्यंत हेडच्या नटाला पाना लावू देऊ नका.